शेअर्ड मेमरी

संगणकावर चालणाऱ्या दोन किंवा अधिक स्वतंत्र प्रोसेसनी (म्हणजे चालू प्रोग्रामनी) रॅमचा एकच भाग मिळून वापरण्याच्या पद्धतीला शेअर्ड मेमरी किंवा सामायिक स्मृती म्हणतात. एरवी ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोसेसला दुसरीच्या मेमरीत डोकावू देत नाही. ही भिंत हवीच, पण तिच्यामुळे डेटा इकडून तिकडे नेणे महागात पडते. पाइप किंवा सॉकेट या प्रोसेसना जोडणाऱ्या मार्गांतून पाठवलेला डेटा साधारणपणे दोनदा कॉपी होतो: आधी कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, मग घेणाऱ्याच्या मेमरीत. १९२० × १०८० पिक्सेलची, दर पिक्सेलला ४ बाइट घेणारी व्हिडिओ फ्रेम सुमारे ८.३ एमबीची असते. सेकंदाला अशा ६० फ्रेम पाठवायच्या, तर नुसत्या कॉपी करण्यातच जवळपास १ जीबीची उलाढाल होते.

शेअर्ड मेमरीत ही कॉपी टळते. कर्नल दोन्ही प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये, म्हणजे प्रोसेसचा कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे त्याच्या तक्त्यात, रॅममधल्या त्याच पेजांची नोंद करतो (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा, बहुधा ४०९६ बाइटचा) आणि बाजूला होतो. त्यानंतर एकीने लिहिलेले दुसरीला थेट वाचता येते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सिस्टिम फाइव्ह आवृत्तीत (१९८३) ही सोय होती. पुढे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉसिक्स मानकाने एमएमॅपवर (फाइल किंवा मेमरी प्रोसेसच्या पत्त्यांत जोडणाऱ्या कॉलवर) आधारलेली सुटसुटीत पद्धत दिली. विंडोजमध्ये हेच काम फाइल मॅपिंगने होते.

खरी कसोटी यानंतर लागते, कारण कर्नल बाजूला झाला की शिस्त पाळणे प्रोग्रामरच्या अंगावर येते. सामायिक काउंटरमध्ये ४१ आहे असे समजा. दोन्ही प्रोसेसनी एकाच क्षणी ४१ वाचले, त्यात १ मिळवला आणि ४२ लिहिले, तर ४३ कधी येतच नाही. अशी चूक चाचणीत सहसा सापडत नाही, म्हणून म्यूटेक्स, सेमाफोर (एका वेळी किती जणींनी आत यावे हे ठरवणारी कुलपे, म्हणजे लॉक) किंवा अटॉमिक (मध्येच न तुटणाऱ्या) क्रिया पहिल्या दिवसापासून हव्यात. लॉक हातात असताना प्रोसेस मेली तर काय, हेही आधीच ठरवावे लागते. तोच भाग प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या पत्त्यावर मॅप होऊ शकतो; त्यामुळे आत पॉइंटर (मेमरीचे थेट पत्ते) साठवू नयेत, सुरुवातीपासूनचे अंतर साठवावे. वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रामना तर डेटाची मांडणी बाइटपर्यंत जुळवावी लागते. २०१६ साली सुरू झालेल्या अपाची ॲरो प्रकल्पाने स्तंभवार डेटासाठी अशी सामाईक मांडणी ठरवून दिली.

पोस्टग्रेस हा डेटाबेस याचे उत्तम उदाहरण. त्यात प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रोसेस असते आणि डिस्कवरून आणलेली पाने सगळ्या जणी एकाच सामायिक बफरमधून वाचतात. त्याचा मूळ आकार सहसा १२८ एमबी असतो. एखादी प्रोसेस कोसळली तर सामायिक मेमरी बिघडली असेल असे धरून मुख्य प्रोसेस बाकीच्यांनाही थांबवते आणि ती मेमरी नव्याने उभारते. हा निर्णय कठोर वाटतो, पण डेटा वाचवायचा तर तोच योग्य आहे.

सिस्टिम फाइव्ह पद्धतीचा भाग वापरणाऱ्या प्रोसेस संपल्या तरी आपोआप जात नाही. तो मुद्दाम काढावा लागतो, नाहीतर संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत जागा अडवून बसतो.