पानामागून पान, पण स्मरण कोणाकडे?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानासाठी ब्राउझरमधून चालणारी नोंदपद्धती करायची, तर पहिल्या पानावर शेतकऱ्याचे नाव व पोती, दुसऱ्यावर वजन आणि सौद्यात निघालेला भाव, आणि तिसऱ्यावर हमाली-तोलाई वजा जाता निघणारी पट्टी, अशी मांडणी सहज सुचते. मात्र दुसरे पान मागताना सर्व्हरला पहिल्यावरचे काहीच ठाऊक नसते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेमध्ये एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधील संवादाचे नियम, रचले ते दस्तऐवज वाचण्यासाठी. मागणी आली, उत्तर गेले की संबंध संपला.

१९९३ मध्ये एनसीएसए या अमेरिकी संगणन केंद्रात सीजीआय ही सर्व्हरला प्रोग्रामशी जोडणारी पद्धत आली आणि फॉर्ममधील माहिती सर्व्हरवरच्या प्रोग्रामला मिळू लागली. तो प्रोग्राम प्रत्येक मागणीगणिक सुरू होऊन संपत असल्याने, आधीची उत्तरे पुढच्या पानात 'हिडन' रकाने करून परत लिहिण्याची पद्धत रुळली. वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या, नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० या आवृत्तीमध्ये तिची रीतसर नोंद आहे. हा रकाना केवळ पडद्यापुरता लपलेला असतो. त्यात १४,५०० चा भाव ठेवला आणि कोणी ब्राउझरमध्येच १५,४०० केला, तर बिनतक्रार त्याच भावाने पट्टी निघते. दुर्दैवाने आजही असा कोड सापडतो.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटी नोंद, आणली. पुढे कुकीत फक्त ओळखक्रमांक आणि माहिती सर्व्हरवर, ही सेशनची रीत सर्व्हरवर पाने घडवणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या १९९६ च्या एएसपीने सोपी केली. त्याच कामाच्या पीएचपी या भाषेत ती २००० साली चौथ्या आवृत्तीबरोबर अंगभूत झाली. पण सेशनही निर्दोष नव्हते: दिवाणजीने एकाच वेळी दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांच्या नोंदी उघडल्या, की दोन्हींचे सेशन एकच असल्याने एकाची पोती दुसऱ्याच्या नावावर चढू शकतात.

डेटाबेस हाताशी असताना, पहिले पान भरताच 'अपूर्ण' शेऱ्यासह ओळ साठवून पुढे फक्त तिचा क्रमांक नेणे मला सर्वांत सरळ वाटते. क्रमांकही बदलता येतो. म्हणून ती ओळ त्याच वापरकर्त्याची आहे का, हे प्रत्येक पानावर सेशनवरून पडताळावे लागते. शेवटचे पान साठवल्यावर ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर वळवण्यासाठी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये ३०३ हा संकेत आला. तो वापरला तर पान रिफ्रेश केले म्हणून पट्टी दुसऱ्यांदा नोंदली जात नाही.