टायग्रिडिया

केसर आणि ग्लॅडिओलस यांच्याच कुळातली (इरिडेसी) एक रानवनस्पती. शास्त्रीय नाव टायग्रिडिया पावोनिया. मूळ प्रदेश मेक्सिको आणि ग्वाटेमाला. या कुळातल्या अनेक वनस्पतींच्या जमिनीखालच्या भागाला आपण सरसकट ‘कंद’ म्हणतो, पण केसराचा कंद अळकुडीसारखा आतून भरीव असतो, तर टायग्रिडियाचा कांद्यासारखा पदरापदरांचा.

पाइन-ओकच्या विरळ रानात आणि गवताळ उतारांवर ही वाढते. मेक्सिको शहराच्या दक्षिण भागातल्या पेद्रेगाल दे सान आन्खेल या लाव्ह्याच्या खडकाळ पट्ट्यात तर दगडांच्या फटींतली थोडीशी मातीही तिला पुरते. कोरड्या हिवाळ्यात वरचे सगळे वाळून जाते आणि कांदा जमिनीत निजून राहतो. पावसाबरोबर तलवारीसारखी, लांबीत चुण्या पडलेली पाने वर येतात आणि पावसाळ्यातच फूल लागते.

फूल 10 ते 15 सेंटिमीटर रुंद. बाहेरच्या तीन पाकळ्या मोठ्या, बहुधा लालभडक. आतल्या तीन छोट्या. मधे वाटीसारखा खोलगट भाग आणि त्यावर दाट ठिपके. सकाळी उमललेले फूल संध्याकाळपर्यंत मिटून जाते. मात्र एकाच दांड्यावर अनेक कळ्या असतात आणि त्या एकामागून एक फुलतात, म्हणून बहर बरेच दिवस टिकतो.

मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या नहुआत्ल भाषेत हे ‘ओसेलोशोचित्ल’, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपकेदार जग्वारचे फूल. ठिपके पाहता हेच नाव नेमके वाटते. स्पॅनिश लोक जग्वारलाही ‘तिग्रे’, म्हणजे वाघ, म्हणत. फ्रेंच शास्त्रज्ञ जुसिय याने 1789 मध्ये प्रजातीला टायग्रिडिया हे नाव दिले आणि ठिपक्यांच्या फुलाला पट्टेरी वाघ चिकटला. ‘पावोनिया’त मोर (लॅटिन ‘पावो’) आहे.

बागांमधून जगभर पोचलेल्या या झाडाची शोभेपलीकडची ओळख मागे पडली आहे, आणि तीच अधिक मोलाची. त्याच्या कांद्याला नहुआत्लमध्ये ‘काकोमित्ल’ असे वेगळे नाव आहे, कारण तो खाण्याचा पदार्थ होता. कच्चा खाल्ला तर घसा चुरचुरतो. भाजला की पिठूळ, चेस्टनटसारखा गोडसर लागतो. स्पॅनिश येण्याआधीपासून मध्य मेक्सिकोतले लोक तो खात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने पाठवलेला वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस 1571 ते 1577 या काळात तिथल्या वनस्पतींची माहिती गोळा करत होता. या वनस्पतीचीही त्याने नोंद घेतली.