गटकामातलं वैयक्तिक मूल्यमापन (प्राथमिक शाळा)

चार-पाच मुलं मिळून एखादं काम करतात तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला काय आलं आणि त्याने स्वतः काय केलं हे वेगवेगळं बघून लिहून ठेवणं, याला गटकामातलं वैयक्तिक मूल्यमापन म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम २९ मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलाने स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन करणंही आलं, त्यामुळे अख्ख्या गटाला एकच ग्रेड देऊन भागत नाही.

गटात जोर कमी लावला जातो हे जुनंच निरीक्षण आहे. माक्स रिंगेलमान ह्या फ्रेंच शेती-इंजिनीयरने माणसांना दोरी ओढायला लावून मोजलं होतं (छापलं १९१३ मध्ये), माणसं वाढत गेली तसा एकेकाचा जोर कमी पडत गेला. पुढे १९७१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सनने टेक्सासात जिगसॉ पद्धत काढली, त्यात पाठाचा एकेक भाग एकेका मुलाकडे, तो त्याने बाकीच्यांना शिकवायचा, आणि टेस्ट मात्र ज्याची त्याने एकट्याने द्यायची.

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीकडे छोट्या मराठी शाळा आहेत, पट कमी असला की तिसरी-चौथी एकत्र बसते आणि मग गटात स्केचपेन हमखास चौथीच्या मुलीच्या हातात जातो कारण तिचं अक्षर चांगलं. समजा चतुर्थीच्या आधी माटोळीवर (गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधून टांगतात ती चौकट) तक्ता करायला दिला. कांगणं कुठल्या बाजूच्या डोंगरावर मिळतात, कवंडाळ खायचं नसतं (दोन्ही माटोळीतली रानफळं), हे सगळं सांगणारा पोरगा आजीसोबत रान फिरलेला असतो पण तो घरी कोकणी बोलतो, मराठी लिहायला अडतो, आणि तक्त्यावर त्याचं एक अक्षरही दिसत नाही! तक्ता बघून मार्क दिले तर हाच पोरगा मागे पडतो, आणि हे फार वाईट आहे. परिसर अभ्यास तपासायचा असेल तर त्याचं कोकणीतलं उत्तर पूर्ण धरावं, मराठी लेखन वेगळं बघावं.

यासाठी बाईंनी गटापाशी दोन-तीन मिनिटं नुसतं ऐकत थांबायचं, रोज एकच गट घेतला तरी चालतो, आणि वहीत तारीख टाकून मूल जे बोललं तेच शब्द लिहायचे, ‘चांगला सहभाग’ लिहिलं तर महिन्याभराने त्यातून काहीच कळत नाही. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा पेन दिला की कोणी काय लिहिलं ते तक्त्यावरच दिसतं. मुलांना नंबर देऊन ऐनवेळी कुठलाही नंबर पुकारायचा, त्यानेच उत्तर द्यायचं, हेही खूप चालतं. सोबत्याला मार्क द्यायला मात्र लहान मुलांना सांगू नये, ती दोस्ती बघून देतात. त्यापेक्षा ‘आज तुला कोणी काय सांगितलं?’ असं प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावं. माटोळीच्या गटात तेव्हा त्या न लिहिणाऱ्या पोराचंच नाव तिघांच्या तोंडून येतं.