जीव कधी सुरू होतो आणि जीवाला मोल कधी येतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत

गर्भपातावर वाद सुरू झाला की थोड्याच वेळात कोणीतरी म्हणतं "अहो सायन्सच सांगतं जीव पहिल्या दिवसापासून असतो, विषय संपला" आणि समोरचा म्हणतो "तो नुसता पेशींचा गोळा असतो, विषय संपला", आणि दोघांचाही विषय संपलेला नसतो कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. एक प्रश्न आहे शरीरात काय घडतंय याचा. दुसरा, जे घडतंय त्याच्याशी आपण कसं वागायला हवं याचा. पहिल्याला मायक्रोस्कोप आणि सोनोग्राफी कामाला येते, दुसऱ्याला येत नाही, आणि मला मनापासून वाटतं की ही सरमिसळ आपण थांबवली नाही तर त्रास होतो तो डॉक्टरच्या केबिनबाहेर नंबरची वाट बघत बसलेल्या बाईला.

आधी शरीराचं बघू. स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही आधीपासून जिवंतच असतात, त्यामुळे निर्जीवातून जीव असं काही होत नाही, पण दोघं एकत्र आले की नवीन जनुकांचा संच तयार होतो आणि त्याची स्वतःची वाढ सुरू होते. हे फलन म्हणजे बटण दाबल्यासारखं नाहीये, त्याला साधारण एक दिवस लागतो. मग सहा ते दहा दिवसांत हा भ्रूण गर्भाशयात रुजतो, कितीतरी रुजतच नाहीत आणि बाईला कळतही नाही. साधारण चौदा दिवसांपर्यंत त्याचे दोन होऊन जुळी होऊ शकतात, म्हणजे एक माणूस की दोन हेसुद्धा तोवर पक्कं नसतं, आणि लॅबमधल्या भ्रूणावर चौदा दिवसांपुढे संशोधन करायचं नाही हा नियम आपल्याकडे आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, घातला आणि बाहेरही बऱ्याच देशांनी घातला, त्यामागचं एक मोठं कारण हेच. सहाव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत धडधड दिसते. इथे लोकांचा अजून एक गोंधळ होतो, डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणून "सहा आठवड्यांची प्रेग्नन्सी" म्हणजे गर्भाचं खरं वय चारच आठवडे.

कोणी जीवशास्त्रवाला म्हणाला की नव्या मानवी जीवाची सुरुवात फलनापासून, तर मला ते मान्य आहे. पण त्यानं दुसऱ्या प्रश्नाचं काहीच ठरत नाही.

काही जण म्हणतात की आईच्या पोटाबाहेर जगू शकेल तेव्हापासून मोल धरा. चोवीस आठवड्यांच्या आसपासचं बाळ आता चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, वाचू शकतं हे खरं, पण परळच्या मोठ्या हॉस्पिटलात जे वाचेल तेच जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर वाचेलच असं नाही, मग काय जीवाची किंमत पिनकोडवर ठरवायची? मशीन चांगलं असणं आणि जीव मोलाचा असणं यांचा संबंध लावणं मला पटत नाही.

आणि हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहिता म्हणते चौथ्या महिन्यात हृदय घडतं आणि चेतना प्रकट होते. धर्मशास्त्रात गर्भ किती महिन्यांचा गेला त्यावरून सुतक कमीजास्त. इस्लाममधले बरेच विद्वान आत्मा १२० दिवसांनी येतो असं मानत आलेत, वसई-वांद्र्याच्या आपल्या कॅथलिक लोकांचं चर्च म्हणतं गर्भधारणेच्या क्षणापासून पूर्ण आदर, आणि जैन विचारात तर सूक्ष्मातल्या सूक्ष्म जीवालाही जपायचं असतं. गर्भ सगळ्यांसमोर तोच होता, उत्तरं वेगळी आली, कारण ती निरीक्षणातून येतच नाहीत. आपल्या घरांतही बघा, तीन महिने होईपर्यंत बातमी बाहेर सांगायची नाही, डोहाळजेवण सातव्या महिन्यात, अगदी लहान बाळ गेलं तर दहन न करता पुरतात. मोल हळूहळू चढत जातं असंच आपण पिढ्यान्‌पिढ्या वागत आलोय आणि माझंही मत तेच आहे. सुरुवातीपासून काहीतरी आहे, शून्य कधीच नाही, पण पहिल्या आठवड्यात आणि तिसाव्या आठवड्यात सारखं नाही.

कायद्यानं काय केलं? १९६४ मध्ये केंद्रानं समिती नेमली, अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा, आणि तिच्यापुढे जीव कधी सुरू होतो हा मुख्य मुद्दा नव्हताच, चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या हा होता. त्यातून १९७१ चा एमटीपी कायदा, म्हणजे गर्भपाताचा कायदा, आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस काही ठरावीक परिस्थितींत दोघांचं, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाचं मत. आधी ही मर्यादा वीसच होती, आणि २००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याला गर्भाच्या हृदयात दोष असल्याचं त्यानंतर कळलं, डॉ. निखिल दातार यांच्यासोबत ते हायकोर्टात गेले, परवानगी नाकारली गेली, आणि थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप पडला. त्या आईनं ते दिवस कसे काढले असतील, मला आजही विचार करवत नाही.

दोन प्रश्न अगदी शेजारी-शेजारी बघायचे तर २०२३ चा ऑक्टोबर आठवा. सव्वीस आठवड्यांची गरोदर विवाहित बाई, आधीची दोन मुलं, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनचा त्रास. सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींनी आधी परवानगी दिली, मग गर्भ जगू शकतो असं एम्सच्या डॉक्टरनं कळवल्यावर दोघींचं मत फुटलं. न्या. हिमा कोहली यांनी विचारलं, जिवंत गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबवा असं कुठलं कोर्ट म्हणेल. न्या. बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या की प्रश्न गर्भ जगेल का हा नाहीच, त्या बाईनं विचार करून घेतलेल्या निर्णयाचा आदर करायचा का हा आहे. बघा, ठोके आहेत हे दोघींनाही माहीत होतं, त्यावर वाद नव्हताच, वाद होता त्या ठोक्यांसमोर बाईच्या आयुष्याचं वजन किती. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठानं परवानगी नाकारली.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ते सांगते. "गर्भपात कायदेशीर आहे तर मुलगी आहे म्हणून पाडला तर चूक कसं, गर्भ तर तोच, आठवडाही तोच" असं खूप जण विचारतात. चूक आहे, आणि भयंकर चूक आहे, पण ती पहिल्या प्रश्नाची नाही. तिथे जीव सुरू झाला का असं कोणी विचारतच नाही, तिथे आधीच ठरलेलं असतं की मुलगा असता तर मोल होतं, मुलगी आहे म्हणून नाही. हा जन्माला आलेल्या प्रत्येक मुलीबद्दलचाही निकाल आहे. म्हणूनच १९८० च्या दशकात मुंबईतल्या ज्या बायका गर्भलिंग चाचणीविरुद्ध रस्त्यावर उतरल्या त्यांच्यातल्या कितीतरी जणी गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं होत्या, आणि त्यात काही विसंगती नव्हती. त्यांच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा असा कायदा केला, केंद्राचा आला १९९४ ला. तरी महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. हा आकडा वाचला की मला राग येतो, अजूनही येतो.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे लॅबमध्ये फलन करून भ्रूण पोटात सोडतात त्यात, तर दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर येतात. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमकडून ६ ऑगस्ट १९८६ ला टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, आता तर मुंबईत गल्लोगल्ली सेंटर आहेत. अशा उपचारांसाठी केलेल्या २०२१ च्या एआरटी कायद्यानं भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो, मग तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्याच्या संमतीनं संशोधनाला द्यायचा. तोच भ्रूण पोटात सोडला की रिपोर्ट येईपर्यंतचे दोन आठवडे त्या बाईसाठी तो तिचं बाळ असतो. पेशी त्याच आहेत, आणि तिचं वाटणं खरं आहे. ज्यांचा नवव्या आठवड्यात गर्भ गेला त्यांना "अजून काही नव्हतंच" म्हणू नका, आणि जिनं नवव्या आठवड्यात विचार करून पाडला तिला खुनी म्हणू नका, या दोन गोष्टी मी एकाच श्वासात म्हणते आणि दोन्ही मनापासून म्हणते.

एक उपयोगाची गोष्ट, कारण बऱ्याच जणींना माहीत नसते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेली तरतूद आहे, गर्भ आपोआप गेला असो किंवा कायदेशीर गर्भपात केला असो, पात्र कर्मचारी बाईला सहा आठवडे पगारी रजा. दोघींना सारखीच. डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या, एचआरला लेखी द्या, आणि दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभं राहून ऑफिसला जाऊ नका.