ग्रंथविनिमय, ऑनलाइन

ग्रंथविनिमय, ऑनलाइन : वाचून झालेली पुस्तके पैशाऐवजी दुसऱ्या पुस्तकांच्या मोबदल्यात, संकेतस्थळ किंवा समाजमाध्यमांवरील समूहामार्फत, इतर वाचकांना देण्याची पद्धती.

तिचा आरंभ कित्येकदा रॉन हॉर्नबेकर यांच्या ‘बुकक्रॉसिंग’पासून (अमेरिका, २००१) धरला जातो. मात्र तेथे पुस्तकाला क्रमांक चिकटवून ते बाकावर वा उपाहारगृहात सोडून द्यायचे आणि ज्याला सापडेल त्याने नोंद करायची, अशी रीत आहे. परतफेड अपेक्षितच नसल्याने तिला विनिमय म्हणणे अवघड जाते. ‘पेपरबॅकस्वॉप’ (२००४) व जॉन बकमन यांचे ‘बुकमूच’ (२००६) यांपासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. थेट अदलाबदलीत एकाचे पुस्तक दुसऱ्याला हवे असते, पण दुसऱ्याकडे पहिल्याच्या उपयोगाचे काही नसते. ही कोंडी या संकेतस्थळांनी गुणांनी, म्हणजे पुस्तक दिल्यावर जमा होणाऱ्या आणि कोणाकडूनही पुस्तक घेताना खर्ची घालता येणाऱ्या अंकांनी, फोडली. बुकमूचच्या पद्धतीत पुस्तक यादीत घातल्यास ०.१, देशात पाठवल्यास १ आणि परदेशी पाठवल्यास ३ गुण मिळतात. मागणाऱ्याचे देशातून मागवल्यास १ व परदेशातून मागवल्यास २ गुण खर्ची पडतात. टपालखर्च पाठवणाऱ्याने सोसायचा असल्याने परदेशासाठी गुण वाढवलेले दिसतात.

भारतीय प्रतिमुद्राधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ च्या कलम १४ नुसार एकदा विकली गेलेली प्रत ‘आधीच प्रसृत’ समजली जाते. म्हणून छापील प्रत पुढे देण्यास प्रकाशकाची परवानगी लागत नाही. पीडीएफ पाठवताना नवी प्रत तयार होते, तिला हा न्याय लागू नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ११८ (अदलाबदल) दोघांतील परस्पर व्यवहार गृहीत धरते. गुणपद्धतीत ज्याला द्यायचे तो एक आणि ज्याच्याकडून घ्यायचे तो दुसराच, त्यामुळे ती या चौकटीत नीटशी बसत नाही.

टपाल खात्याची स्वस्त ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली असून तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रु., तर ५ किलोपर्यंत १०० रु. (कर वेगळा) असा ठरला. पुस्तकावर मुद्रकाचे वा प्रकाशकाचे नाव छापलेले हवे. नियतकालिके आणि जाहिराती असलेला मजकूर चालत नाही. साहजिकच दिवाळी अंक वगळले जातात. पहिली पाने गळालेली जुनी कादंबरीही, नियम काटेकोर लावल्यास, बाद व्हावी.

यादीकरण हा मराठीपुरता बिकट प्रश्न आहे. परदेशी संकेतस्थळे आयएसबीएन या, पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकावरून पुस्तक ओळखतात. जुन्या मराठी पुस्तकांवर तो नसतोच. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या शीर्षकांत अनुच्चारित अनुस्वार येतात, त्यामुळे आजच्या लेखनाने शोधल्यास ती हाती लागत नाहीत.

सोलापुरात ही अडचण दुणावते. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू अशा चार भाषांचे वाचक येथे आहेत. कन्नड वा तेलुगू शीर्षक कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमनमध्ये. अशा ठिकाणी टंकलेल्या नावापेक्षा मुखपृष्ठाचे छायाचित्र अधिक भरवशाचे. शहरातल्या शहरात पुस्तक हातोहात देता येत असल्याने टपालखर्च उरत नाही, व्हॉट्सॲप समूह पुरतो आणि गुणांचा हिशेबही लागत नाही. ‘एक पुस्तक, एक गुण’ हा हिशेब तसाही ढोबळच. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेतील संपादित प्राकृत ग्रंथ आणि रेल्वे प्रवासात संपणारी रहस्यकथा त्यात एकाच मोलाची ठरतात.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके मात्र फार लवकर शिळी होतात. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर तिच्या बहुपर्यायी प्रश्नसंचांना अदलाबदलीत फारसे मोल राहिलेले नाही. वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत घेण्यापूर्वी ती रीतसर बाद केल्याची खूण पाहावी लागते. तशी खूण नसल्यास प्रत वाचनालयाच्याच मालकीची समजावी.