डीएसएलआर कॅमेरा व लेन्सची निवड

डीएसएलआर कॅमेरा व लेन्सची निवड : लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळवून व्ह्यूफाइंडरमध्ये दाखवणारा आणि बटण दाबताच आरसा उचलून तोच प्रकाश सेन्सरवर घेणारा कॅमेरा म्हणजे डीएसएलआर. लेन्स बदलता येणे हे त्याचे दुसरे लक्षण. हौशी छायाचित्रकारापुढचा निवडीचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या लक्षणातून निर्माण होतो. बॉडी काही वर्षांनी जुनी होते, पण लेन्स पुढच्या बॉडीवरही चढतात. म्हणून निवड कॅमेऱ्याची वाटली तरी ती खरे तर माउंटची, म्हणजे लेन्स बॉडीला जोडणाऱ्या कड्याच्या प्रकाराची, असते. विक्रीच्या जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा ठळक आणि माउंटचे नाव बारीक अक्षरांत असते, हे ध्यानात ठेवावे.

उगम : आरशाने प्रतिमा वर वळवण्याची कल्पना सतराव्या शतकातील कॅमेरा ऑब्स्क्युरापर्यंत मागे नेता येते, छायाचित्रणासाठीच्या अशा कॅमेऱ्याचे पेटंट टॉमस सटन यांनी १८६१ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. ३५ मिमी. फिल्मवरील पहिला एसएलआर (अशा आरशाचा कॅमेरा) कोणता याबद्दल एकमत नाही. ड्रेस्डेनमधील इहागी कंपनीचा किने एक्झाक्टा (१९३६) हे रूढ उत्तर आहे. लेनिनग्राडमध्ये तयार झालेल्या स्पोर्ट या सोव्हिएट कॅमेऱ्याचा नमुना त्याआधीचा असल्याचे काही अभ्यासक मानतात. मात्र नमुना आणि प्रत्यक्ष विक्री यांत फरक केल्यास एक्झाक्टाचा दावा अधिक सबळ ठरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये प्रतिमा सरळ दाखवणाऱ्या पंचकोनी लोलकाच्या श्रेयाबाबत इटलीचा रेक्टाफ्लेक्स आणि ड्रेस्डेनचा काँटॅक्स एस यांच्यात असाच वाद असून दोन्ही कॅमेरे १९४०–५० या दशकाच्या अखेरचे आहेत.

‘पहिला डीएसएलआर’ ठरवताना व्याख्याच आड येते. सोनीने १९८१ मध्ये दाखवलेला माविका परावर्ती (आरशाचा) होता व त्याची लेन्सही बदलता येत असे. परंतु तो चकतीवर अ‍ॅनालॉग संकेत नोंदवत असल्याने त्याला डिजिटल म्हणता येत नाही. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये बनवलेला कॅमेरा डिजिटल होता, पण परावर्ती नव्हता. कोडॅकनेच १९८७-८८ च्या सुमारास कॅनन न्यू एफ-१ च्या बॉडीवर एक डिजिटल कॅमेरा अमेरिकी शासनासाठी घडवला, तो बाजारात आला नाही. म्हणून निकॉन एफ३ वर आधारलेला १·३ मेगापिक्सेलचा कोडॅक डीसीएस (१९९१) हा पहिला मानण्याकडे कल आहे. त्याचा साठवण-संच वेगळा असे आणि तो खांद्याला अडकवून वागवावा लागे. हौशी वर्गापर्यंत हा प्रकार पोहोचला तो कॅनन ईओएस ३००डी (२००३) पासून. १,००० डॉलरांच्या आत मिळणारा तो पहिला डीएसएलआर होय.

माउंट व फ्लँज अंतर : लेन्स जिथे टेकते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर म्हणजे फ्लँज अंतर. मध्ये आरसा हलण्याइतकी जागा लागत असल्याने ३५ मिमी. परंपरेतील एसएलआरमध्ये ते साधारण ४४ ते ४७ मिमी. असते : निकॉन एफ ४६·५, पेंटॅक्स के ४५·४६, सोनी ए ४४·५, कॅनन ईएफ ४४. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक व्यवहारात निर्णायक ठरतो. कॅनन बॉडी व निकॉन लेन्स यांमध्ये २·५ मिमी. जाडीचे कडे बसते व दूरचे दृश्य नीट फोकस होते. उलट बाजूने, निकॉन बॉडीवर कॅनन लेन्स चालवायची तर ती २·५ मिमी. आत रुतवावी लागेल. ते शक्य नसल्याने मध्ये जादा काच घालावी लागते आणि प्रतिमेचा दर्जा घसरतो. जुन्या मॅन्युअल लेन्स हौसेने जमवणारे कॅननकडे वळले, त्यामागे हे २·५ मिमी. बऱ्याच अंशी आहेत.

एकाच माउंटमध्येही सर्व काही जुळतेच असे नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आकाराने तोच आहे, परंतु त्याच्या जुन्या एएफ व एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. बॉडीच्या कड्यावर खालच्या अंगाला पेचकसाच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो. तोच लेन्स फिरवून फोकस करतो. डी४० (२००६) पासून डी३०००, डी५००० या प्राथमिक श्रेणींत हा दांडा काढून टाकण्यात आला. त्यामुळे स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली ५० मिमी. एफ/१·८ डी लेन्स डी३५०० वर घट्ट बसते, प्रकाश मोजते, पण फोकस हातानेच करावा लागतो. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणताना जुना एफडी माउंट पूर्णपणे सोडला. त्या वेळी रोष झाला. मात्र मोटर प्रत्येक लेन्समध्येच असल्याने वरील घोळ तिथे नाही. तिथली अडचण निराळी : लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर चढतच नाहीत. निकॉनच्या लहान सेन्सरसाठीच्या डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर चढतात, फक्त चौकट कापली जाते. पेंटॅक्सने हादरे रोखण्याची यंत्रणा बॉडीत ठेवल्याने जुन्या लेन्सनाही तिचा लाभ मिळतो. कॅनन व निकॉन डीएसएलआरमध्ये ती लेन्समध्ये असते.

सेन्सर व व्ह्यूफाइंडर : फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी., तर एपीएस-सी सुमारे २३·५ × १५·६ मिमी. (कॅननचा किंचित लहान) असतो. एपीएस-सीचा क्रॉप गुणक (फुल फ्रेमच्या तुलनेत चौकट किती पटीने लहान ते) १·५ व कॅननचा १·६ येतो, ३०० मिमी. लेन्स १·५ गुणकाच्या सेन्सरवर ४५० मिमी.इतके अरुंद दृश्य दाखवते. केंद्रांतर (लेन्सवरचा मिमी.चा आकडा) वाढते हा समज चुकीचा आहे. चौकट तेवढी लहान होते. पक्षी टिपणाऱ्याला हे सोयीचे, अंधाऱ्या सभागृहात काम करणाऱ्याला गैरसोयीचे. व्ह्यूफाइंडरचे आकडे मात्र दिशाभूल करतात, कारण विशालन ५० मिमी. लेन्स धरून दिलेले असते. डी३५०० चे ०·८५ आणि फुल फ्रेम डी७५० चे ०·७० पाहून पहिला मोठा वाटतो. क्रॉप गुणकाने, म्हणजे १·५ ने, भागल्यावर त्याचे ०·५७ उरते. शिवाय त्यात लोलकाऐवजी आरसे असतात व चौकटीचा ९५ टक्के भागच दिसतो.

लेन्स : बॉडीसोबत येणारी १८–५५ मिमी. किट लेन्स तिच्याबद्दल बोलले जाते तितकी वाईट नाही. ५५ मिमी.ला तिचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/५·६ पर्यंतच उघडते, ही तिची खरी मर्यादा. एफ/१·८ ची प्राइम (एकच केंद्रांतर असलेली) लेन्स तिच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश घेते. म्हणजे १/२० सेकंदाऐवजी जवळपास १/२०० सेकंद. दुसरी लेन्स म्हणून ३५ किंवा ५० मिमी. प्राइम सुचवण्याचा प्रघात याच कारणाने पडला असावा. किट लेन्सवर कोणते केंद्रांतर जास्त वापरले गेले ते फोटोंच्या नोंदींत पाहून मग लेन्स ठरवणे अधिक शहाणपणाचे.

फोकसमधील तफावत : मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावरून खाली, तळातल्या फोकस-संवेदकावर पडतो. या मार्गाची लांबी आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतची लांबी तंतोतंत सारखी हवी. जुळणीत किंचित फरक राहिला की फोकस डोळ्यावर धरूनही कान रेखीव येतो आणि पापण्या धूसर. दोष लेन्सचा की बॉडीचा हे कळत नाही. पुष्कळदा दोन्ही आपापल्या मर्यादेत असतात आणि जोडी मात्र जमत नाही. ट्रायपॉडवरून तिरप्या ठेवलेल्या मोजपट्टीचा एक फोटो व्ह्यूफाइंडरने व एक लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर पाहून) काढला की फरक उघड होतो, कारण लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो. दुरुस्तीची सोय बहुधा मधल्या व वरच्या श्रेणीतच असते.

वापरलेला संच : शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उघडले तो आकडा) अवश्य पाहावा, डी७२०० साठी १,५०,००० व डी८५० साठी २,००,००० वेळांची चाचणी उत्पादकाने सांगितली आहे, तथापि ती हमी नव्हे. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारल्यास फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. तिने लेपन खाल्ले असेल तर साफसफाईनंतरही डाग राहतो. धुळीचे चार कण मात्र सोडून द्यावेत.

सद्यःस्थिती : कॅनन व निकॉन यांनी २०१८ मध्ये आरशाविना फुल फ्रेम माउंट आणले, त्यानंतर नवे डीएसएलआर विरळ झाले असून पेंटॅक्स हा ठळक अपवाद आहे. निकॉन झेडचे फ्लँज अंतर १६ मिमी. असल्याने एफ माउंटची लेन्स त्यावर ३०·५ मिमी. लांबीच्या नळीने बसते. निकॉनच्या अशा नळीत काच नसते आणि तो पेचकसासारखा दांडाही नसतो, त्यामुळे एएफ-डी लेन्स तिथेही हातानेच फिरवाव्या लागतात.