कैमानावाचे घोडे: संरक्षण, हाका आणि घरांचा शोध

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या मधोमध, कैमानावा डोंगररांगांच्या पायथ्याशी वायूरू हे लष्करी सरावाचं क्षेत्र आहे. तिथल्या गवताळ माळांवर मोकाट घोड्यांचे कळप फिरतात. त्यांची संख्या ३०० च्या आसपास राहावी असं ठरलेलं आहे. जास्तीचे घोडे वर्षा-दोन वर्षांनी हेलिकॉप्टरने हाका घालून, म्हणजे हुसकावत एकत्र करून, खाली आणतात. ज्यांना मालक मिळतो ते ट्रकमधून नव्या घरी जातात. बाकीच्यांची रवानगी कत्तलखान्यात होते. म्हणून हाक्याआधी जास्तीत जास्त घोड्यांसाठी घरं शोधायची, हे 'कैमानावा हेरिटेज हॉर्सेस' या धर्मादाय संस्थेचं मुख्य काम.

घोडा हा न्यूझीलंडचा मूळचा प्राणी नव्हे. १८१४ मध्ये सॅम्युअल मार्सडेन या मिशनऱ्याने जहाजातून पहिले घोडे तिथे उतरवले. कैमानावा भागात मोकाट घोडे दिसल्याची पहिली नोंद १८७६ ची. त्याच दशकात राजकारणी सर डोनाल्ड मॅक्लीन यांनी एक्समूर आणि वेल्श या ब्रिटिश जातींच्या रक्ताची काही तट्टं कायंगारोआच्या पठारावर सोडली होती. मेंढपाळांच्या वाड्यांवरून सुटलेली जनावरंही कळपांत मिसळत गेली. १९४१ मध्ये वायूरूच्या लष्करी पागेत स्ट्रँगल्सची, म्हणजे घशाखाली गाठी येणाऱ्या सांसर्गिक रोगाची भीती निर्माण झाली, तेव्हा तिथलेही घोडे माळावर सोडून दिले गेले. थोडक्यात, पलटणीचा घोडा, शेतावरचा घोडा आणि डोंगरी तट्टू यांची ही सरमिसळ. शुद्ध वंशाचा दावा इथे टिकत नाही आणि तो करायची गरजही नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताशिवाय जगलेला कळप एवढं त्याचं वेगळेपण पुरेसं आहे.

पुढे शेती पसरली, जंगललागवड आली, शिकारही होत राहिली आणि घोडे घटत गेले. १९७९ च्या सुमारास जेमतेम १७४ उरले होते. लोकांनी आवाज उठवला आणि १९८१ मध्ये सरकारने त्यांना कायद्याचं संरक्षण दिलं.

आजच्या पेचाचं मूळ या संरक्षणाच्या यशात आहे. घोड्याची शिकार करणारा एकही प्राणी त्या बेटावर नाही, आणि आता माणसालाही मनाई झाली. १९९४ च्या मोजणीत १,५७६ घोडे भरले. पंधरा वर्षांत नऊ पट. याच भागातल्या मोआव्हांगो नदीच्या खोऱ्यात दुर्मीळ स्थानिक वनस्पती आहेत. टसॉक गवताच्या झुबक्यांमध्ये आणि पाणथळ जागी त्या वाढतात, आणि नेमक्या तिथेच घोडे चरतात, तुडवतात. गर्दी वाढली तशी हिवाळ्यात घोड्यांचीही उपासमार होऊ लागली. १९९६ मध्ये संरक्षण काढून घेण्यात आलं. गोळ्या घालून संख्या कमी करायच्या प्रस्तावावर देशभर संताप उसळला. शेवटी १९९७ मध्ये मोठा हाका घालून हजाराहून अधिक घोडे माळावरून हलवण्यात आले.

तेव्हापासूनची व्यवस्था ही एक तडजोड आहे. संवर्धन खातं, लष्कर, पशुवैद्य, निसर्गप्रेमी संघटना आणि घोडेवाले यांना एका सल्लागार गटात बसावं लागतं. आधी ५०० घोड्यांची मर्यादा होती, ती पुढे ३०० वर आली. घोडाप्रेमींनीच कमी आकडा का स्वीकारावा, असं वरवर वाटेल. पण हिशेब सरळ आहे. कळप लहान तर शिंगरं कमी, शिंगरं कमी तर पुढच्या हाक्यात जास्तीचे घोडे कमी, आणि तेवढ्यांना घरं मिळण्याची शक्यता जास्त. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच.

घर मिळणं सोपं नसतं. अर्जदाराकडे मजबूत, उंच कठड्यांचं आवार लागतं, कारण माळावरून आलेल्या घोड्याने साधं कुंपण कधी पाहिलेलंच नसतं. ट्रकचं दार थेट आवारात उघडतं. सुरुवातीचे दिवस तो माणसाकडे पाठ करून कोपऱ्यात उभा राहतो. हात लावण्याआधी बरेच जण लांब बांबूच्या टोकाने त्याच्या खांद्याला, मानेला हलकेच स्पर्श करतात, म्हणजे लाथ बसली तरी बांबूलाच बसते. मग हळूहळू म्होरकी, दोर, खरारा. वर्षाचं शिंगरू यात लवकर रुळतं. मोठ्या नर घोड्यासाठी मात्र जाणता हात लागतो, शिवाय त्याला खच्ची करण्याचा खर्चही आलाच. त्यामुळे शेवटपर्यंत घराविना राहतात ते बहुधा असे नर.

२०२० मध्ये टाळेबंदीमुळे हाका रद्द झाला. माळावर शिंगरं जन्मायची काही थांबली नाहीत. पुढच्या हंगामात जास्त घोड्यांसाठी घरं शोधावी लागली. एक वर्ष चुकलं की गणित बिघडतं, हे तेव्हा दिसलं. अलीकडे म्हणूनच हाक्यात आलेल्या काही माद्यांना गर्भनिरोधक लस टोचून परत माळावर सोडण्याचा मार्ग धरला आहे. लशीचा परिणाम कायमचा नसतो, त्यामुळे हाके थांबणार नाहीत. दर खेपेला उतरवावे लागणारे घोडे मात्र कमी होतील अशी संस्थेची अपेक्षा आहे.